मंडईजवळचे म्हातारपण

पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी मंडईच्या इमारतीवरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. १८८६ साली उघडलेल्या त्याच रे मार्केटला पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळाले. सार्वजनिक पैशाचा लाभ नेमका कोणाला, हा त्यांचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

मंडईभोवतालच्या पेठांतील जुने वाडे पाडून तेथे इमारती उभ्या राहत आहेत. वाड्यातील जिण्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अंधारा जिना, सामाईक संडास आणि गळके छप्पर यांचा जाच वृद्ध भाडेकरूंनीच सर्वाधिक सोसला. परंतु दिंडीदरवाजातून बाहेर पडताच चार पावलांवर भाजी होती आणि ‘आजोबा, काल दिसला नाहीत?’ असे विचारणारी भाजीवाली होती. पुनर्बांधणीच्या हिशेबात चौरस फुटांची मोजदाद होते; या पावलांची होत नाही. मेथीच्या एका जुडीसाठी रिक्षा करावी लागत असेल, तर उपनगरातील प्रशस्त खोली ही वृद्धाला कैदच होय.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रमाची कल्पना मांडली. आश्रम हवेतच, पण वस्तीतून उचलून नेणे हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. सिंगापूरच्या ‘कांपुंग ॲडमिरल्टी’ या संकुलात वृद्धांची १०४ घरे, खाद्यपदार्थांचे गाळे, दवाखाना आणि पाळणाघर एकत्र आहेत. ती घरे सरकारी गृहनिर्माण मंडळाची आहेत, बिल्डरच्या औदार्याची नव्हेत.

पुण्यात बाजार नव्याने वसवावयाचा नाही. तो उभाच आहे. हवी आहेत ती त्याच्या आसपास, खालच्या मजल्यांवर, माफक भाड्याची घरे. चालू स्थितीतील लिफ्ट, मोकळे पदपथ, टेकायला बाक आणि स्वच्छ संडास. टोपली घेऊन बसणारी म्हातारीही यात आलीच. सर्वेक्षण होईपर्यंत तिला हटवता येत नाही, असे २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो. ती उठली, तर बाजार कसला आणि शेजार कसला?

२०२४ साली भुयारी मेट्रोचे मंडई स्थानक सुरू झाले. जनतेच्या पैशाने आलेल्या या सोयीमुळे जमिनीचा भाव चढणार असेल, तर त्या वाढाव्यातील वाटा या घरांसाठी महापालिकेने हक्काने वसूल करावा. फुल्यांच्या प्रश्नाचे ते उशिरा दिलेले, पण खरे उत्तर ठरेल.