सकाळचे दुखणे सकाळीच दाखवा

रात्री पोर तापाने फणफणते, आपण घाबरेघुबरे होतो. सकाळी डॉक्टरांपुढे नेले की तेच पोर त्यांच्या टेबलावरच्या पेनाशी खेळू लागते. 'काय हो, चांगला तर दिसतोय!' असे डॉक्टर म्हणाले की आपलाच चेहरा पडतो. गेल्या जानेवारीत आमच्या गाडीने माझा चेहरा असाच तीनदा पाडला.

आम्ही भिलाईच्या स्मृति नगरात राहतो. गाडी पेट्रोलची, बारा वर्षांची, रात्रभर अंगणात उघड्यावर उभी. सौ.ची शाळा सकाळची. साडेसहाला सेल्फ मारला की इंजिन चालू व्हायचे, पण सूर बिघडलेला. फट्‌... फट्‌... सगळी गाडी थरथरायची. आमच्याकडचे मेकॅनिक याला 'मिसिंग' म्हणतात. तीन-चार मिनिटांत इंजिन तापले की सगळे सुरळीत. शिवाय हे रोज नाही, मधूनच एखाद्या दिवशी.

मी आधी हसण्यावारी नेले. मग एके सकाळी नेहरू नगरकडून जी. ई. रोडला लागताना गाडीने आचका दिला. पिकअप मिळेना आणि मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून निभावले. सौ. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "उद्यापासून मी ऑटोने जाईन."

त्याच दिवशी दहा वाजता गॅरेज गाठले. मेकॅनिकने गाडी फिरवून आणली. "भैया, गाड़ी तो मस्त चल रही है!" तरी चारही प्लग बदलले. चार दिवसांनी पुन्हा मिसिंग. पेट्रोलची लाइन साफ झाली. पुन्हा मिसिंग. तिसऱ्या खेपेला त्याने चारही इंजेक्टर बदलायचा खर्च कागदावर लिहून दिला. तो आकडा वाचून मीच थंड पडलो.

काकांची वही

भिलाईत पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा गावात यंत्राची नाडी ओळखणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात. आमच्या शेजारचे काका पोलाद कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, "तू त्याला सांगितलंस तरी काय?"

"गाडी सकाळी मिसिंग करते."

"किती वेळ? उभी असताना की पळताना? आदल्या रात्री दव पडलं होतं का? तो पिवळा दिवा लागतो का?"

मी गप्प. काकांनी घरातून एक जुनी वही आणून दिली. "बारा दिवस रोज लिही. तोवर एक पैसा खर्च करू नकोस."

बाराव्या दिवशी आम्ही दोघे वही घेऊन बसलो. पाच सकाळी मिसिंग, सात सकाळी काही नाही. थंडी बहुतेक दिवशी सारखीच होती. फरक एकच: मिसिंगच्या पाचही सकाळी बोनेटवर दवाचे थेंब होते. म्हणजे गाडीला थंडी नव्हे, ओल बाधत होती!

एका सिलेंडरची रजा

मिसिंग म्हणजे चारपैकी एका सिलेंडरमध्ये इंधनाचा नीट स्फोट न होणे. स्फोटाला चार गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल, हवा आणि पुरेसा दाब. यातले एक जरी कमी पडले तरी तो सिलेंडर रजेवर जातो आणि उरलेले तिघे त्याचे ओझे ओढतात. इंजिन गार असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून जुन्या गाड्यांत आपण चोक ओढत होतो. आता तेच काम गाडीतला कॉम्प्युटर करतो आणि जास्तीचे पेट्रोल सोडतो. अशा अवघड वेळी ठिणगी जराशी जरी दुबळी असली तरी उघडी पडते. इंजिन तापले की तिचे दुबळेपण झाकले जाते.

आता मी मेकॅनिकला एकच विनंती केली: गाडी रात्री इथेच उघड्यावर ठेवा आणि सकाळी पहिला सेल्फ तुम्ही स्वतः मारा. तो आधी कुरकुरला. पण वही पाहिल्यावर तयार झाला.

सकाळी त्याने मिसिंग स्वतःच्या कानांनी ऐकले. स्कॅनर लावला, तर कोड आला पी ०३०२. शेवटचा आकडा सिलेंडरचा, म्हणजे दोषी दुसरा सिलेंडर. त्याने काहीही नवीन न घालता दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या कॉइल फक्त आपसात बदलल्या. प्लग जागच्या जागी. पुढच्या दवाच्या सकाळी कोड आला पी ०३०३! दोष कॉइलबरोबर सरकला होता. प्लग आणि इंजेक्टर निर्दोष सुटले.

कॉइल बाहेर काढून तिचा रबरी बूट उजेडात धरला. त्यावर केसासारखी भेग होती आणि तिच्या कडेने काळी रेघ. भेगेत ओल शिरली की ठिणगीची वीज प्लगच्या टोकाला न जाता मधूनच इंजिनच्या लोखंडात पळायची. वरच्या कव्हरच्या सीलमधून तेल झिरपून रबर खराब झाले होते. बूट आणि सील दोन्ही बदलले. इंजेक्टरच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्यातही ते बसले.

तुमच्या गाडीचे लक्षण कोणते?

प्रत्येक मिसिंग ओलीमुळेच होते असे नाही. लक्षणे पाहा:

* कूलंट हळूहळू कमी होतो आणि सकाळी पांढरा धूर बराच वेळ येत राहतो: रात्रभरात कूलंट सिलेंडरमध्ये झिरपत असेल. हेड गॅस्केट तपासून घ्या. यात दिरंगाई नको. पातळी मात्र इंजिन गार असतानाच पाहा.

* सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, मग काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो: एखादा इंजेक्टर रात्री ठिबकत असेल किंवा तापमानाचा सेन्सर कॉम्प्युटरला चुकीची माहिती देत असेल.

* गार असताना सूं असा बारीक आवाज येतो, तापल्यावर बंद होतो: हवेची नळी किंवा गॅस्केट कडक होऊन हवा ओढत असेल.

* कोड पी ०३००: दोष एका सिलेंडरचा नाही. पेट्रोल, हवा किंवा बॅटरी अशा सामाईक गोष्टी आधी पाहायच्या.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी बॅटरीची वायर काढू नका, साठलेले कोड पुसले जातात. बऱ्याच गाड्यांत दोष नोंदला गेला तेव्हा इंजिन किती तापले होते हेही स्कॅनरला कळते. तो पुरावा सांभाळा.

पिवळा दिवा नुसता लागला तर लवकर गाडी दाखवा. पण तो लुकलुकू लागला तर गाडी रेटू नका. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग निकामी होऊ शकतो. चालू इंजिनवर प्लगच्या वायरी किंवा कॉइल उपसून पाहू नका, झटका जबर असतो. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसू नका. तो धूर जीवघेणा असतो.

सौ. पुन्हा स्वतः गाडी चालवत शाळेत जाऊ लागली. वही आता गाडीच्या कप्प्यातच असते. परवा तिने त्यात आपणहून एक ओळ लिहिली: 'ब्रेक लावताना पुढून डावीकडे चूं आवाज, फक्त पहिल्या दोन-तीन वेळा.' मेकॅनिकने ती वाचली आणि या वेळी 'मस्त चल रही है' न म्हणता सरळ डावे चाक खोलायला घेतले.