झाडूला कविता फुटत नाही

परवा एका हॉलमध्ये कविता वाचली. खाली उतरलो तर एक गृहस्थ आले. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काय हो, झाडता झाडता कविता सुचते तरी कशी?"

मी म्हटलं, "सुचत नाही."

ते हसले. त्यांना वाटलं, पोरगा विनय करतोय. विनय कसला डोंबलाचा! खरं तेच सांगितलं. पण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. कॉलेजातली पोरं विचारतात, पुरवण्यांवाले विचारतात, आपल्यातलेही विचारतात. म्हणून एकदा लिहून टाकतो.

आधी काम काय ते ऐका, नाहीतर डोळ्यापुढं अंगण झाडणारी बाई यायची. गोदीत बोटीचा माल खाली झाला की तिचं पोट झाडावं लागतं, पुढचा माल भरायच्या आत. क्रेनचा पंजा मधला ढीग उचलतो. कोपऱ्यातलं, शिडीमागचं, लोखंडाच्या बरगड्यांवर बसलेलं माणूस काढतो. डाळ असली तर बरी, नुसतं नाक भरतं. गंधक असलं की डोळे झोंबतात. कोळसा असला की तीन दिवस थुंकी काळी. खालून आभाळ म्हणजे एक चौकोन. उतरताना मुकादम म्हणतो, "हवा बघून जा रे." कशानं बघायची? ते यंत्र त्याच्यापाशी नसतं. बंद पोटातला कोळसा, भंगार, ओलं लाकूड हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसतो तो उठत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही बसतो. गटारातही माणसं अशीच जातात, एकामागून एक. तिथं विषारी वायू असतो, एवढाच फरक.

अशा ठिकाणी काय सुचतं? बाटलीत पाणी किती उरलं. हजेरी लागली का. सुट्टीला किती वेळ. कंबर. एखादी ओळ येते, नाही असं नाही. पण धरायला हात मोकळा नसतो. पाळी संपेपर्यंत ती तोंडातल्या तोंडात घोळवायची. घरी पोचेस्तोवर अर्धी सांडते. उरलेली अर्धी वहीवर उतरवायची म्हटली तर डोळे मिटतात. माझ्या निम्म्या कविता अशा बोटींबरोबर गेल्या. कुठल्या बंदराला लागल्या, त्यांनाच ठाऊक.

तेव्हा 'श्रमातून कविता जन्मते' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे: साहेब, श्रमातून घाम येतो. कविता उरलेल्या वेळात होते. आणि उरलेला वेळ या देशात जात बघून वाटलाय.

बेबी हालदारचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गुडगावात प्रबोधकुमार या प्राध्यापकाच्या घरी ती झाडूपोछा करायची. कपाटावरची धूळ पुसता पुसता पुस्तकं उघडून बघायची. त्या माणसानं ते पाहिलं आणि तिला वही नि पेन दिलं. काम उरकून ती लिहायला बसायची. २००२ साली 'आलो आंधारि' हिंदीत छापून आलं, मग कितीतरी भाषांत गेलं. सगळे म्हणाले, बघा, मोलकरीण लेखिका झाली! मी म्हणतो, त्या वहीकडं बघा. तिला मिळालेल्या त्या तास-दोन तासांकडं बघा. फडक्यानं पुस्तक लिहिलं नाही, फडकं खाली ठेवल्यावर ते लिहून झालं. आपल्या चाळीतल्या बायकांना कुठला मालक भेटतो? कपबशी वेगळी ठेवणारा.

आता माझ्या घरचं सांगतो. माझा पणजा गावची चावडी झाडायचा, मेलेलं ढोर ओढायचा. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्म दिला आणि गावोगाव आपल्या लोकांनी असली कामं टाकली. पणज्यानं खराटा चावडीपुढं टाकला. गावानं दळण बंद केलं, पाणी बंद केलं. पण त्यानं खराटा उचलला नाही. आजा मुंबईला आला, गोदीत लागला. पाठीवर गोणी होती, पण हातात खराटा नव्हता. १९४८ सालच्या गोदी कामगार कायद्याचा आधार होता, हजेरी होती, युनियन होती. पुढं कंटेनर आले. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं. पाठीवरची गोणी गेली तशी हजेरीही गेली. आणि मी, घरातला पहिला दहावी पास, कंत्राटदाराकडं उभा राहिलो. त्यानं मला काय दिलं? खराटा. पणज्यानं टाकलेला खराटा तिसऱ्या पिढीनंतर मला हजेरीपत्रकासकट परत मिळाला!

वर हे लोक म्हणणार, काम काही हलकं-भारी नसतं. मग वाटून घ्या की! २०१४ च्या २ ऑक्टोबरला सगळा देश झाडू घेऊन रस्त्यावर आला होता. कोरे झाडू, कडक इस्त्री, समोर कॅमेरा. फोटो निघाला आणि झाडू परत ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात आला. जात म्हणजे कामाची सोयीस्कर वाटणी हा बचाव बाबासाहेबांनी १९३६ सालीच मोडून काढला. तरी तोच बचाव दरवर्षी नवा झब्बा घालून येतो.

कायद्याचं म्हणाल तर कायद्याला तोटा नाही. १९९३ चा आहे, २०१३ चा आहे. हातानं मैला उचलायला लावणं गुन्हा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली त्याचे तीस लाख केले. मेल्यावरचा भाव वाढला. जिवंतपणी हातमोजा मागितला तर मुकादम म्हणतो, उद्या बघू. याच मुंबईत वस्ती झाडणाऱ्याला योजनेच्या कागदावर 'स्वयंसेवक' म्हणतात आणि त्याच्या मजुरीला 'मानधन'. म्हणजे कामगार म्हणायलाच नको! महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, हा आदेश सर्वोच्च न्यायालयात २०१७ साली टिकला, तो वर्षानुवर्षं भांडल्यावर. कुणाच्या कवितेनं तो मिळवला नाही. युनियननं मिळवला.

मग कविता करायचीच नाही का? करायची. 'कोर्ट' सिनेमा बघितलाय ना, २०१४ चा? आपल्या वीरा साथीदारांनी त्यात लोकशाहीर उभा केला. २०२१ साली ते गेले. सिनेमात शाहिरावर आरोप काय, तर त्याच्या गाण्यामुळं एका गटार कामगारानं जीव दिला! आणि कोर्टात त्या कामगाराची बायको सांगते की तो आत खडा टाकायचा. झुरळ वर आलं तर समजायचं, खाली हवा आहे. माझ्या मुकादमाचं 'हवा बघून जा' आणि त्या माणसाचं झुरळ, दोन्ही एकच. तिथं शाहिराचं गाणं व्यवस्थेला झोंबतं, कारण ते गटाराच्या तोंडाशी उभं राहून म्हटलंय. हॉलमध्ये पंख्याखाली म्हटलेल्या गाण्याला कोण पकडतंय?

आणि आता आपल्यावर येतो, दोस्तहो. आपल्या अंकांतल्या कविता काढून बघा, माझ्याही त्यात आल्या. गटार म्हणजे व्यवस्था, झाडू म्हणजे क्रांती, उकिरडा म्हणजे देश. झकास! पण आपल्या वॉर्डातली सफाईची चौकी कुठं आहे ते कितीजणांना माहीत आहे? तिथं बायकांना कपडे बदलायला आडोसा आहे का, कधी विचारलंय? वाल्मिकी, रुखी, मेघवाळ पोरांचा विषय निघाला की आपल्यातलाच कुणीतरी हळूच म्हणतो, "ते आपल्यात नाहीत." मग कुणात आहेत? आपण खराटा टाकला, तो दुसऱ्या कुणाच्या हातात गेला, आणि आपण म्हणालो, सुटलो! अशानं जात मरत नाही, नुसती शेजारच्या खोलीत राहायला जाते.

एकदा ६ डिसेंबरच्या रात्री मी शिवाजी पार्कला होतो. दिवसभर पुस्तिका विकल्या होत्या. गर्दी ओसरली आणि सफाईवाले आत आले. एक बाई केळीच्या साली, पत्रावळ्या, पत्रकं एकत्र लोटत होती. त्या पत्रकांत माझी कविता होती, झाडूवरचीच. चांगली होती म्हणतात. बाईनं ती साली-पत्रावळ्यांबरोबर पाटीत भरली. वाचायची कधी तिनं? गाडी उभी होती. मी पुढं होऊन पाटीला हात लावला तर म्हणाली, "राहू दे दादा, तुझे कपडे खराब होतील."

मी कोण, ते तिला माहीत नव्हतं. मलाही त्या घटकेला नीट सांगता आलं नसतं.

म्हणून मागणं एवढंच. पुढच्या अंकात झाडूवरच्या कविता थोड्या कमी छापू. त्या पानांवर वॉर्डावॉर्डाची हजेरी, मजुरी, फंड कापला तो भरला की नाही, बूट-हातमोजे मिळाले की नाही, हे झाडणाऱ्यांच्याच तोंडून नावं झाकून छापू. जयंतीची मिरवणूक गेल्यावर आपला रस्ता आपण झाडू, फोटो न काढता. आणि आठ तासांच्या वरचा एकही तास फुकट नाही, या मागणीला कवींनी पहिली सही करावी, कारण त्या तासात कुणाची तरी वही कोरी राहते.

शबनमवाल्या गृहस्थांनाही सांगणं आहे. पुढच्या वेळी कविता कशी सुचते ते विचारू नका. हजेरी किती पडते ते विचारा. मग बसून बोलू.

जयभीम.