कर घेता, तर नियमही द्या

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने स्मरणिकेत आभासी चलनावर लिहावे, याचे सभासद बंधूंना नवल वाटेल. परंतु हा विषय आता आपल्या उंबरठ्याच्या आत आला आहे. आमच्याच घरातील एका तरुणाची रक्कम अशा एका पेढीकडे वर्षभर अडकून आहे, आणि जाब कोणास विचारावा हे आम्हांस उमगत नाही.

ब्लॉकचेन म्हणजे एकच खतावणी हजारो ठिकाणी लिहिलेली. एकट्याला तीत खाडाखोड करता येऊ नये अशी. विकेंद्रित वित्तव्यवहारात तर मध्ये पेढीच नसते. तारण घेणे व भाव उतरताच ते विकणे, ही कामे संगणकीय करारच करतो. परंतु खतावणी चोख असली म्हणजे ती वापरणारी पेढी चोख असतेच असे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये बहामा बेटांवरील एफटीएक्स पेढी बुडाली, ती ग्राहकांच्या ठेवी चालकांच्याच दुसऱ्या पेढीकडे वळविल्यामुळे. दोष खतावणीचा नव्हता, माणसांचा होता.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर बसला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याचीही मुभा नाही. मार्च २०२३ मध्ये काळा पैसा प्रतिबंधक कायदाही लागू झाला. तिजोरीचे व तपासाचे हित पाहिले गेले. ठेवीदाराचे मात्र राहून गेले.

बंदी घालावी, असे आम्ही म्हणत नाही. धान्यनियंत्रणाच्या काळातील काळ्या बाजाराच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून पुष्कळ ऐकल्या आहेत. आमचे म्हणणे इतकेच की, जो दुसऱ्याचा पैसा हाती धरतो त्यास परवाना हवा, ग्राहकांची रक्कम निराळी हवी आणि हिशेबांची त्रयस्थ तपासणी हवी. युरोपीय संघाने असे नियम डिसेंबर २०२४ पासून पूर्णतः लागू केले आहेत. जेथे मध्ये पेढीच नाही, तेथेही रुपया आत जाण्याचे व बाहेर येण्याचे दार बहुधा कोणा माणसाच्याच हाती असते. नियम त्या दारावर बसवावा.

निरीक्षक दारात आला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही जाणतो. तरीही शिक्का नसलेल्या वजनाने माल घेण्यास आपल्यापैकी कोण धजेल? तोच शिक्का या नव्या तराजूवरही असावा, एवढीच आमची मागणी आहे.