परत आलेली रायफल आणि कर्त्याचा हक्क

जिम कॉर्बेट यांची .२७५ रायफल २०१५ मध्ये ती घडवणाऱ्या लंडनच्या 'जॉन रिग्बी अँड कंपनी'ने विकत घेऊन आपल्याकडे परत आणली. शस्त्रांच्या शौकिनांत या घटनेची बरीच चर्चा झाली. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र तिची फारशी दखल घेतली नाही. ती घ्यायला हवी होती, असे आम्हाला वाटते. कारण कॉर्बेट यांच्या निधनानंतर ही रायफल गेली होती ती त्यांच्या प्रकाशकाकडे, म्हणजे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे. दीर्घकाळ प्रकाशकाकडे राहिलेले शस्त्र निर्मात्याच्या घरी परत जाते, तेव्हा 'कृती कोणाची?' हा आपल्या वर्गांत वर्षानुवर्षे घोळवला जाणारा प्रश्न अगदी मूर्त रूपात समोर येतो.

या रायफलीवर एक छोटीशी चांदीची पट्टी बसवलेली आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्युएट यांनी कॉर्बेट यांना ही रायफल भेट दिली, अशा आशयाचा मजकूर तीवर कोरला आहे. म्हणजे ज्या वाघिणीचा या पट्टीवर उल्लेख आहे, ती या रायफलीने मारली गेलेली नाही. रायफल तिच्या मृत्यूनंतर आली. त्या वाघिणीने ४३६ माणसांचा बळी घेतल्याची नोंद सांगितली जाते. गवत आणि लाकूडफाटा आणायला रानात गेलेल्या कितीतरी बायका अशा नरभक्षकांच्या तडाख्यात सापडत. पट्टीवर देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, गावाचेही आहे. वस्तूवर काय कोरले जाते आणि काय गळते, याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा निर्मात्याच्या नावाचा आहे. 'रिग्बीची रायफल' असे आपण सहज म्हणतो. परंतु तिचा मूळ यांत्रिक सांगाडा, म्हणजे काडतूस आत सरकवणारी आणि नळी मागून बंद करणारी बोल्टची रचना, जर्मनीतील माउझर कारखान्याची. लंडनच्या कार्यशाळेत तिला नळी, अक्रोडाचा दस्ता आणि माशी-दर्शकांची जोड मिळाली. तिचे काडतूससुद्धा मुळात जर्मन, सात मिलिमीटर व्यासाचे. रिग्बीने त्याचे माप इंचांत मांडून १९०७ च्या सुमारास त्याला '.२७५ रिग्बी' असे नाव दिले आणि इंग्रज शिकाऱ्यांना ते घरचे वाटू लागले. रूपांतराला स्वतंत्र कृतीचा मान कसा मिळतो, याचे यापेक्षा चोख उदाहरण तुलनात्मक साहित्याच्या पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

अशी रायफल एक माणूस घडवत नाही. नळीचे काम करणारा वेगळा, लाकडाचा दस्ता तासणारा वेगळा, धातूवर नक्षी कोरणारा वेगळा आणि शेवटचा हात फिरवणारा वेगळा. दस्ता करणाऱ्याचे काम सर्वांत अवघड मानावे असे आहे. लाकडाच्या रेषा मनगटाजवळ सरळ गेल्या नाहीत, तर झटक्याने दस्ता तिथेच तडकतो. लाकूड आणि लोखंड यांच्यात केसभर फट राहिली, तर प्रत्येक बारानिशी ती वाढत जाते. हे ज्ञान हाताकडून हाताकडे जाते, उमेदवारीची वर्षे काढून मिळते आणि कागदावर फार थोडे उतरते. मग नाव कोणाचे राहते? दुकानाचे. दस्ता तासणाऱ्याचे नाव कॉर्बेट यांच्या सामान्य वाचकाच्या कानावर कधीच येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. १९०७ चे कारागीर केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले. दरम्यान रिग्बी या संस्थेची मालकी बदलली. १८ व्या शतकात डब्लिनमध्ये सुरू झालेले हे नाव लंडनला आले, १९९७ मध्ये ते अमेरिकेत विकले गेले आणि या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुन्हा लंडनला परतले. मग 'निर्मात्याकडे परत आली' या विधानात नेमका निर्माता कोण? ज्याने ती घडवली तो नाही, ज्याच्या पैशाने घडली तोही नाही. उरते ती केवळ नाममुद्रा. नाममुद्रेने स्वतःचाच जुना माल परत घेणे हा व्यापारी जाहिरातीचा भाग नव्हे काय?

हा आक्षेप आम्हाला अर्धा मान्य आहे. २०१६ मध्ये ही रायफल भारतात आणून कॉर्बेट यांच्या परिसरात नेण्यात आली. पुढे त्याच धर्तीच्या नव्या रायफली रिग्बीने बाजारात आणल्या. व्यापाराचा हिशेब त्यात आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. उरलेला अर्धा भाग मात्र महत्त्वाचा आहे. जुनी रायफल मेजावर आली की आजचा कारागीर तिच्याकडे संग्राहकापेक्षा निराळ्या दृष्टीने पाहू शकतो. संग्राहक पट्टी वाचतो, कारागीर दस्त्याचा उतार वाचतो. मनगटापाशी लाकूड इतके बारीक का ठेवले, वजन कोणत्या बिंदूवर तोलले, हे त्याला बोटांनी कळते. आपल्या आधीच्या हातांशी त्याचे नाते रक्ताचे नाही आणि मालकीचेही नाही. ते वाचनाचे आहे.

या वाचनाचे मोल कळण्यासाठी कॉर्बेट यांच्याच एका प्रसंगाची आठवण पुरेशी आहे. चौगढच्या वाघिणीशी १९३० मध्ये त्यांची अवघ्या काही फुटांवर गाठ पडली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात रातवा पक्ष्याची दोन अंडी होती. वाघीण बिथरू नये म्हणून त्यांनी एकट्या उजव्या हाताने रायफल अगदी सावकाश वळवली आणि चाप ओढला. मराठी वाचकांनी अनुवादातून हा प्रसंग श्वास रोखून वाचलेला आहे. आपण त्यात कॉर्बेट यांचे धैर्य पाहतो, आणि ते होतेच. पण एका हाताने वळवता येईल इतकी हलकी आणि तोललेली रायफल हातात नसती, तर त्या धैर्याचे काय झाले असते? त्या परिच्छेदात लंडनचा एक अनाम सुतारही हजर आहे. आपण त्याला वाचायला शिकलेलो नाही, इतकेच.

रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि आम्ही प्राध्यापक मंडळी ती विद्यार्थ्यांना उत्साहाने शिकवतो. लेखक गेला तरी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव राहते, ही चैन कारागिराला कधीच लाभली नाही. तो कृती हातावेगळी झाली त्याच दिवशी मरतो. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४ मध्ये ऑक्सफर्डच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केले. त्यामागे संपादक आर. ई. हॉकिन्स यांची दृष्टी होती, हे जाणकारांना ठाऊक आहे. पण मुंबईत त्याची जुळणी, मुद्रितशोधन, बांधणी कोणी केली? प्रश्न विचारायचीदेखील आपल्याला सवय नाही. रायफलीचा दस्ता आणि पुस्तकाचा पुठ्ठा यांची अवस्था या बाबतीत सारखीच आहे.

म्हणून ही रायफल कुठे असावी, या वादात आमचे मत असे आहे. देणाऱ्याचा हक्क साम्राज्याबरोबर संपला. प्रकाशकाने तिला स्मृतिचिन्ह म्हणून सांभाळले, त्याबद्दल त्याचे आभार मानावेत. कालाढुंगीच्या लोकांचा हक्क नैतिक आहे, आणि तो सर्वांत मोठा आहे. कारण या कथेची किंमत कुमाऊँच्या गावांनी मोजली. घडवणाऱ्याचा हक्क या सर्वांहून वेगळा, ज्ञानाचा आहे. तो सांगायचा असेल तर एक अट पाळावी लागेल: जी वस्तू परत आणली, ती कोणकोणत्या हातांनी केली, हे शोधून जाहीरपणे सांगणे. जुन्या नोंदवह्या असतील तर त्या उघडाव्यात, नव्या रायफलींवर काम करणाऱ्यांची नावे दुकानाच्या नावाशेजारी यावीत. ही अट पाळली तरच 'परत आली' या शब्दांना अर्थ आहे. नाहीतर एका दर्शनी कपाटातून ती दुसऱ्या दर्शनी कपाटात गेली, एवढेच म्हणता येईल.

हीच अट आम्ही स्वतःलाही लावू इच्छितो. यापुढे वर्गात एखादे जुने पुस्तक हाती घेतले, की लेखकाच्या नावावर न थांबता मुद्रणालयाची ओळ मोठ्याने वाचावी, अनुवादकाचे नाव फळ्यावर लिहावे. सुरुवात म्हणून एवढे पुरे आहे.