काडतुसाचं नाव आणि आतला बार

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. पिस्तूलही त्यांचंच. तेव्हाचं काडतूस कागदाच्या सुरळीचं होतं, आजचं पितळी पुंगळीचं आहे. शब्द तोच राहिला, वस्तू बदलली, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. भाषेला हे परवडतं. पोलादाला परवडत नाही, आणि हे आज जरा चढ्या आवाजात सांगावंसं वाटतंय.

निमित्त हैदराबादचं. काचीगुड्याला माझे एक मराठी स्नेही राहतात. निवृत्त अभियंता, रीतसर परवाना, घरात .३२ चं रिव्हॉल्व्हर. अमेरिकन हौशी लोकांचं लिखाण वाचून त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं आहे. "रिव्हॉल्व्हर आजचं, काडतूस मात्र आजोबांच्या काळातलं. सरकारनं मोकळीक दिली तर मी घरीच जोरदार बार भरीन. नळी सोसेल!"

आता त्यांची अर्धी तक्रार खरी आहे, हे आधी मान्य करतो. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ सालचं. लष्करी बोअर सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून आपल्याकडे हेच टिकलं. २०१४ साली कानपूरच्या कारखान्यानं खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर. वर्तमानपत्रांनी नवलाई केली. पण त्याच्या पोटात काडतूस कुठलं? हेच .३२! नव्या बाटलीत जुनी फेणी म्हणा हवं तर. फेणी निदान मुरते तरी.

पण म्हणून घरी बार वाढवायचा?

स्नेह्यांचं तीर्थक्षेत्र म्हणजे .४५ कोल्ट. १८७३ च्या काउबॉय जमान्यातलं काडतूस, काळ्या दारूसाठी बेतलेलं. त्याची पुंगळी ऐसपैस, कारण काळी दारू जागा खाते. पुढे धूरविरहित दारू आली, ती थोडक्यात काम करते, आणि पुंगळीत मोकळी जागा उरली. रिकामी जागा दिसली की माणसाला ती भरावीशी वाटते. एल्मर कीथ या गोपाळाला, खऱ्याखुऱ्या गुराख्याला, तशीच वाटली. १९२५ च्या चार जुलैला त्याचं .४५ कोल्ट हातातच फुटलं. तो शहाणा होता, जाड भिंतीच्या.४४ कडे वळला. पुढे रूगरसारख्यांनी दणकट रिव्हॉल्व्हरं काढली आणि हौशी मंडळींनी पुन्हा .४५ च्या जुन्या पुंगळीत जबर बार भरायला सुरुवात केली. त्यांच्या पुस्तकांत अशा बारांचा तक्ताच वेगळा असतो, वर बजावलेलं असतं की हे फक्त अमुक बनावटीच्या रिव्हॉल्व्हरसाठी.

तक्ता पुस्तकात राहतो. काडतूस खणात राहतं. तांबूस-पिवळी, सारख्याच लांबीची दोन काडतुसं, एक नेमस्त, एक जबर. बाहेरून ओळखायची कशी? "डबीवर लिहीन ना," असं स्नेही म्हणतात. अहो, आपल्या घरातल्या डब्या! बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा निघतो. त्यात आपल्याकडे हत्यार वारशानं येतं. आजोबा गेले की परवाना मुलाच्या नावावर करायचा, आणि कपाटातलं सगळं त्याबरोबर. दख्खनच्या जुन्या घरांतून विलायती, बेल्जियन, स्पॅनिश .३२ आहेत, काही तर मधून मोडून उघडणारी, बिजागरीवर तोललेली. वडिलांनी नव्या रिव्हॉल्व्हरसाठी भरलेला बार मुलगा त्या म्हातारीत घालील, आणि ते सरळ आत बसेल. बसतं, म्हणूनच तर भीती.

आमच्या गोव्यात कुळागरं राखायला ठासणीच्या बंदुका होत्या. रानडुक्कर शिरलं की बार. पण ठासणीत ठासणारा आणि चाप ओढणारा बहुधा एकच. आत किती आहे ते त्याच्या हाताला ठाऊक. काडतुसानं ही ओळख तोडली. भरणारा एक, उडवणारा दुसरा, मध्ये फक्त एक नाव. त्या नावावर विसंबून माणूस चाप ओढतो.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ परवान्याशिवाय दारूगोळा बनवू देत नाही, हे स्नेह्यांना डाचतं. मला कायद्याचा आधार नकोच आहे. उद्या कलम उठलं तरी माझं म्हणणं तेच राहील.

हैदराबादेत गनफौंड्री नावाची वस्ती आहे. निजामाचा फ्रेंच सेनानी रेमाँ यानं १७९५ साली तिथं तोफा ओतण्याचा कारखाना घातला. खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला झोडपलं तेही त्याच वर्षी, हे मराठी वाचकाला सांगायला नको. (रेमाँला लोक मूसा राम म्हणत, मूसारामबाग त्याच्याच नावाचा.) त्या काळचे युरोपीय ओतारी नवी तोफ पारखायला नेहमीहून जास्त दारू भरत, बत्ती देत आणि लांब उभे राहत. जास्त बार हा परीक्षेपुरता, क्वचित, आणि दुरून. स्नेह्यांना तीच परीक्षा रोज आणि मुठीत धरून द्यायची आहे!

गंमत अशी की .३२ चा खरा मान जिथं राखला जातो तिथं बार सौम्य असतो. पंचवीस मीटर सेंटर फायर नेमबाजीत जगभर हेच म्हातारं काडतूस चालतं, चपट्या तोंडाच्या गोळीसह, कारण धक्का कमी आणि नेम पक्का. जसपाल राणानं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत या प्रकारात सुवर्ण मिळवलं. हैदराबादनं गगन नारंग आणि ईशा सिंगसारखे नेमबाज दिले. त्या शहरात राहून माणसाला जोराचं आकर्षण वाटावं, नेमकेपणाचं नाही?

जोरच हवा असेल तर त्याची सभ्य वाट कारखानदारांनी केव्हाच घालून दिली आहे. १९३५ साली .३८ स्पेशल लांबवून .३५७ मॅग्नम केलं, १९५५ साली .४४ लांबवलं, १९८४ साली आपलं .३२ सुद्धा. कॅसलनं .४५ कोल्टवर प्रयोग केले, पण त्याचं .४५४ अखेर लांब पुंगळीतच आलं. जबर काडतूस जुन्या हत्यारात शिरूच नये, एवढ्यासाठी अडीच ते चार मिलिमीटर जादा पितळ आणि वेगळं नाव. एवढं पितळ काही महाग पडत नाही.

स्नेह्यांना मी विचारलं, तुमच्या पुंगळीच्या बुडावर काय कोरलेलं असेल? म्हणाले, ".३२ च की."