शनिवार, तेल आणि गोधडी

शनिवारी तेल आणि लोखंड घरात आणू नये, हे आमची आई मी शाळेत होतो तेव्हापासून सांगत आली आहे. आता गंमत बघा. आयटीवाल्याला मोकळा वार मिळतो तो नेमका शनिवार. आणि माझ्याकडे आहे एक जुनी ट्रॅव्हलर, आत झोपायची आणि चहापाण्याची सोय असलेली, जिला दर आठवड्याला जे काही लागतं ते तेल आणि लोखंडच! ऑइल, ग्रीस, बोल्ट, ब्रॅकेट. शेवटी तोडगा निघाला. सामान शुक्रवारी ऑफिसातून येताना आणायचं, शनिवारी फक्त बसवायचं. आईला हे चाललं. (शनिदेवांचं मत अजून कळलेलं नाही.)

तर मंडळी, कॅम्परव्हॅनचं सध्या फार कौतुक चाललंय. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, अशा गाड्या भाड्यानेही मिळतात, आणि फोटोंत तर काय विचारता: उघडं मागचं दार, पलीकडे समुद्र, गादीवर पांढरीशुभ्र चादर. ती चादर बघून मला हसू येतं. आमच्या नगर रस्त्यावर ती शिरूरपर्यंतसुद्धा पांढरी राहायची नाही.

माझं मत सरळ आहे. फिरत्या घरात निगा राखणं हाच मुख्य कार्यक्रम असतो, फिरणं मधेमधे होतं. ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल हॉटेलात राहावं, त्यात कमीपणा काही नाही. पण गाडी घेतलीत तर हे समजून घ्या की या घरात रोज भूकंप होतो. प्रत्येक खड्ड्यागणिक कपाटाचे स्क्रू थोडे थोडे सैल होतात. टपाला पाडलेल्या भोकाभोवतीचं सिलंट उन्हाने तडकतं, पाणी आत झिरपतं आणि प्लायवूडमध्ये महिनोन्महिने मुरत राहतं. आपल्याला दिसतं तेव्हा प्लाय कुजलेला असतो. हा बग मी स्वतः लिहिलेला आहे, दुसऱ्या कोणाला दोष नाही. साधी लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवलीत तर ती लवकर मान टाकते. आणि टायर! अशी गाडी चालते कमी, उभी राहते जास्त. त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ३२१९ म्हणजे २०१९ सालातला बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, आधी ते आकडे वाचा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. असो.

आईला पहिल्यांदा शिंगणापूरला नेलं तेव्हा वाटलं होतं, खूश होईल. सुप्याजवळ मी दोन तास गाडीखाली होतो. बाहेर आलो तर आई सीटवर तशीच बसलेली. म्हणाली, "तू गाडीखाली, मी गाडीत. मग घरी काय वाईट होतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण आईवडिलांना फिरवतो म्हणजे पॉइंट दाखवतो. जन्मभर हातांना काम असलेल्या बाईने नुसतं बघत किती वेळ बसायचं?

यंदा फेब्रुवारीत निघताना तिने एक बोचकं गाडीत टाकलं. तिची दोन नऊवारी लुगडी, आणि बाबांचे सदरे. हे सदरे तीन वर्षं कपाटात घडी घालून होते, घरात कोणी त्यांना हात लावत नव्हतं. शिरूरला चहाला थांबलो तेव्हा तिने कात्री मागितली. मी इंजिनात कूलंट किती आहे ते बघायला उतरलो. लगेच बघायची तशी काही गरज नव्हती.

गोधडी आणि अशी गाडी यांचं इतकं जमेल असं वाटलं नव्हतं. वीज लागत नाही, मशीन लागत नाही. साधा धावदोरा, कुठेही थांबवा, कुठूनही पुन्हा धरा. अडचण एकच, चालत्या गाडीत सुई धरायची नाही. हा नियम बोटातून रक्त आल्यावर झाला. दुसरं म्हणजे गोधडीला अंगण लागतं आणि आमच्या गाडीतली मोकळी जागा दोन फूट. मग गाडीत बसून तुकडे जोडायचे आणि मुक्कामाला झाडाखाली पसरून टाके घालायचे, असं ठरलं. वाऱ्याने उडू नये म्हणून चाकांना लावायचे दगड आणि माझे पाने तिच्या चार कोपऱ्यांवर. म्हणजे ती शिवत असेपर्यंत मला दुरुस्ती करता येईना!

घोडेगावला वळलं की शिंगणापूरपर्यंत रस्त्याच्या कडेने रसवंत्या आहेत, बैल फिरतोय आणि लाकडी चरकातून रस निघतोय अशा. तिथल्याच एका झाडाखाली आईने पसारा मांडला होता. सोनईचा मुळा कारखाना जवळच, त्यामुळे उसाच्या गाड्या चाललेल्या. ऊसतोडीतली एक बाई पाण्याची कळशी घेऊन जाताना थांबली. तिने गोधडीकडे बघितलं, मग आईकडे.

"आजी, कोपरा मोकळा सोडला व्हय? तिथनंच उसवंल बघा."

कळशी खाली ठेवून तिने सुई घेतली आणि वीतभर शिवून दाखवलं. टाके आईपेक्षा बारीक होते, हे आईनेच नंतर कबूल केलं. बाई पाथर्डीकडची. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे अख्खा संसार टायरगाडीवर घालायचा, फडाजवळ कोपी उभी करायची आणि उन्हाळा लागला की परत. अंथरूण-पांघरूण सगळं गोधड्याच. तिने आमच्या गाडीत डोकावून बघितलं. पाऊस आला तर? मी मोठ्या उत्साहाने सिलंटचं सांगितलं. ती म्हणाली, "आमी वरनं कागद टाकतो." कागद म्हणजे प्लॅस्टिकचा. मग विचारलं, "किती दिस घराबाहेर?"

"दोन."

"हौसंनं?"

"हो."

ती हसली. टोमणा नव्हता, तिला खरंच मजा वाटली असावी. पण मला ते हसू लागलं. गाडीच्या मागच्या काचेवर मी हौसेने 'भटके' असं स्टिकर लावलं होतं, ते त्याच संध्याकाळी खरवडून काढलं. तिच्याकडे चाकाचं ग्रीस आणि बैलांच्या पत्र्या वेळेवर झाल्या नाहीत तर खेप बुडते. माझ्याकडे झालं नाही तर सोमवारी टो करून आणतात. दोन्हीला 'रस्त्यावरचं आयुष्य' हे एकच नाव देणं मला तरी आता जमत नाही.

देवळात गेलो तर तिथेही देखभालीचाच विषय. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते म्हणून मार्च २०२५ पासून तिथे फक्त ब्रँडेड शुद्ध खाद्यतेलच वाहू देतात. चुकीच्या तेलाने साक्षात शनिदेवांना त्रास होतो, मग आपल्या इंजिनाचं काय, हे वाक्य मी लगेच ग्रुपवर टाकलं. :)

मुक्काम गावाबाहेर केला. घरांना दारं-कुलपं न लावण्याचं हे गाव. २०११ मध्ये युको बँकेनेही इथली शाखा बिनकुलपाची उघडली. आई म्हणाली, आज आपणही कुलूप नको लावूया. मी मनातून घाबरलो, लॅपटॉप होता ना! शेवटी मागचं दार उघडं ठेवून तिने अर्धी गोधडी पडद्यासारखी लावली. बाबांच्या निळ्या रेघांच्या सदऱ्याचा तुकडा बरोबर मधे आला होता. आई लगेच झोपली. मी बराच वेळ जागा होतो.

गोधडी अजून निम्मीच झाली आहे, कोपरे उसवून पुन्हा घालायचेत. सुई मोडली. तीही लोखंडाचीच, म्हणून शुक्रवारीच आणायची अशी ताकीद आहे. यादी केली आहे: सिलंटची एक ट्यूब, बोल्ट सहा, वॉशर सहा, जाड सुयांचं एक पाकीट, पांढरा दोरा.