‘आपली’ माणसं विकू नका!

पत्त्यांतला गुलाम आपण सहज टाकतो आणि पुढच्या पानाकडे बघतो. हा शब्द मूळचा अरबी, अर्थ ‘पोरगा’. इंग्रजीतल्या ‘स्लेव्ह’ची कुळकथा तर याहून वाईट. पूर्व युरोपातल्या स्लाव लोकांना इतकी वर्षं धरून विकलं गेलं, की त्यांच्या नावाचाच अर्थ युरोपातल्या अनेक भाषांत ‘गुलाम’ असा झाला.

हा बाजार भरात होता तो साधारण आठव्या ते अकराव्या शतकात. व्हायकिंग लोक किनाऱ्यावरची गावं लुटून माणसं पळवत. डब्लिन ही त्यांची मोठी पेठ. प्रागच्या बाजारातून, व्हेनिसच्या जहाजांतून माणसं अरब मुलखात जात. बदल्यात चांदी येई.

मग त्या काळी कोणाला वाईट वाटतच नव्हतं का? वाटत होतं. पण कोणाबद्दल, ते बघा. सातव्या शतकातली फ्रँकांची राणी बाल्थिल्ड स्वतः विकत आणलेली दासी होती, असं तिचा चरित्रकार सांगतो. तिनं ख्रिस्ती बंदिवान परमुलखात विकायला बंदी केली, कित्येकांना पैसे मोजून सोडवलं. ८४० साली सम्राट लोथारशी करार करताना व्हेनिसनं कबूल केलं, की साम्राज्यातल्या ख्रिस्ती प्रजेला विकणार नाही. ख्रिस्ती नसलेल्या स्लावांचं काय? त्यांची आठवण कोणी काढली नाही. इस्लामी कायद्यातही स्वतंत्र मुसलमानाला गुलाम करायला मनाई. युद्धात धरलेल्या परधर्मीयाला नाही. धर्म वेगळे, हिशेब एकच.

ब्रिस्टल बंदराची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अकराव्या शतकात तिथून दोरांनी बांधलेले तरुण-तरुणी आयर्लंडला विकायला जात. बिशप वुल्फस्टननं तिथे महिनोन्महिने मुक्काम ठोकून प्रवचनं केली आणि तो धंदा मोडून काढला. पुढे ११०२ च्या लंडनच्या धर्मसभेनं माणसं जनावरांसारखी विकण्यावर बंदी घातली. केवढं मोठं काम! पण त्याच ब्रिस्टलमधून सहाशे वर्षांनी जहाजं सुटू लागली, ती आफ्रिकेतली माणसं अमेरिकेत नेऊन विकण्यासाठी. या वेळी माल ‘आपला’ नव्हता.

कोणी म्हणेल, मास्तर, काहीच नसण्यापेक्षा एवढी दया बरी नाही का? बरीच. बाल्थिल्डनं सोडवलेल्या माणसाला विचारा. पण अशा दयेनं बाजार बंद होत नाही, फक्त गिऱ्हाइकं दुसऱ्या गावची माणसं शोधतात. स्लाव लोक त्याचीच किंमत मोजत राहिले.

म्हणून मला वाटतं, इतिहास शिकवताना सनावळ्यांबरोबर मुलांकडून एक प्रश्न घोटून घ्यावा. कुठल्याही बंदीत, कुठल्याही कळवळ्यात ‘आमची माणसं’ हे शब्द आले, की विचारायचं: आणि बाहेर कोण राहिलं?